जिंकत आलेला डाव बरोबरीत का गेला: एका चौथ्या फेरीचा हिशेब

तुमचा प्रश्न लांबलचक आहे आणि लिहिताना रागही बराच होता असं दिसतं. म्हणून आधी तो माझ्या शब्दांत मांडतो, काही चुकत असेल तर सांगा. बुद्धिबळ क्लबची पाच फेऱ्यांची स्पर्धा, प्रत्येकी ६० मिनिटं आणि दर चालीला ३० सेकंदांचं इन्क्रिमेंट, म्हणजे चाल केली की घड्याळात वाढणारा वेळ. तीन फेऱ्यांत तुमचे दोन गुण. चौथ्या फेरीत पांढरे घेऊन तुम्ही मानांकनात (रेटिंगमध्ये) दोनशेनं वरच्या खेळाडूसमोर बसलात. २५व्या चालीला त्यानं घोडा फुकट सोडला. पुढे मारामारी होत होत तुमच्याकडे एक उंट जास्त उरला आणि तरीही ६१व्या चालीला बरोबरी मान्य करावी लागली. अर्ध्या तासानं पाचवी फेरी सुरू झाली, ती १९ चालींत गेली. आता तुम्ही विचारताय की ओपनिंग, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या ठरीव चाली, बदलू का, आणि माझं घड्याळ चालू असताना तो तीनदा बरोबरी विचारत होता ते नियमात बसतं का. तिसरी गोष्ट तुम्ही प्रश्न म्हणून नाही, तक्रार म्हणून लिहिली आहे: आधीच एक डाव हरलेल्याला एवढा तगडा माणूस का दिला?

मी पंचवीसेक वर्षं क्लबच्या स्पर्धा खेळतोय, मधली काही वर्षं पंच म्हणूनही बसलो, आणि हल्ली मोठ्या वयात बुद्धिबळाकडे वळलेल्यांना शिकवतो. तुमच्यासारखा डाव मला महिन्यातून एकदा तरी कुणीतरी दाखवायला आणतं. त्यामुळे उत्तर देतोय ते एका डावावरून नाही, पण शेवटी बोलणार आहे ते तुमच्याच डावावर.

ओपनिंगचं आधी मिटवून टाकू. २४ चाली होईपर्यंत तुम्ही दोनशेनं वरच्या माणसाशी बरोबरीत होतात. ओपनिंगकडून याहून जास्त काय हवंय? ती बदललीत तर पुढचे सहा महिने नव्या ओपनिंगमधल्या चुका कराल आणि शेवटी पुन्हा याच एंडगेममध्ये, मोजके मोहरे उरलेल्या शेवटच्या टप्प्यात, येऊन अडकाल. फार तर एवढं बघा की तुमच्या पाठ चाली कितव्या चालीला संपतात. हे का म्हणतोय ते पुढे येईल.

तुम्ही स्कोअरशीटचा (चाली लिहायच्या कागदाचा) फोटो पाठवलात हे फार बरं केलंत, आणि त्याहून बरं म्हणजे त्यावर चार ठिकाणी का होईना, घड्याळातला वेळ लिहिलाय. १२व्या चालीनंतर ४४ मिनिटं. १७व्या चालीशेजारी कंसात '१९ मि. गेली' आणि उद्गारचिन्ह. २४व्या चालीनंतर ९ मिनिटं. डाव संपला तेव्हा ६ मिनिटं ४० सेकंद. तुमचा आजार या चार आकड्यांत आहे. आपण तो हिशेब करून बघू.

पहिल्या १२ चालींना इन्क्रिमेंट धरून २२ मिनिटं गेली. थोडी जास्त आहेत, पण ठीक. १३ ते २४ या बारा चालींना ४१ मिनिटं. त्यातली १९ एकट्या १७व्या चालीला. ती चाल कोणती? दोन हत्तींपैकी कोणता डी स्तंभावर आणायचा (पटाचे उभे स्तंभ ए ते एच, आडव्या ओळी १ ते ८). त्यानंतर २५ ते ६१, म्हणजे घोडा मिळाल्यापासून डाव संपेपर्यंतच्या ३७ चालींना मिळून गेली जेमतेम २१ मिनिटं. सरासरी काढलीत तर चालीला ३४ सेकंद. म्हणजे एका हत्तीच्या चालीला जेवढा विचार दिलात, जवळजवळ तेवढ्यातच डाव जिंकायचं अख्खं काम उरकायला निघालात.

तुम्ही लिहिलंय, 'टाइम ट्रबलमुळे गेला', म्हणजे वेळ संपत आल्यामुळे. मला तसं वाटत नाही. टाइम ट्रबलमध्ये गेलेल्या माणसाच्या घड्याळात शेवटी पावणेसात मिनिटं उरत नाहीत. वेळ होता, तो तुम्ही वापरला नाहीत. २४व्या चालीला घड्याळात एक आकडी मिनिटं दिसली, तुम्ही घाबरलात आणि तिथून भराभर खेळायची जी लय लागली ती सुटलीच नाही. ३० सेकंदांच्या इन्क्रिमेंटचा हा एक छुपा तोटा आहे. माजी जगज्जेत्या बॉबी फिशरनं ही कल्पना काढली, १९९२ च्या बोरिस स्पास्कीविरुद्धच्या (हाही माजी जगज्जेता) सामन्यात असं घड्याळ वापरलं गेलं, आणि आज त्यावाचून स्पर्धा भरत नाही. पण त्यामुळे झेंडा पडायची (वेळ संपून हरायची) भीती गेली तरी घाई जात नाही. माणूस दर चालीला मिळणाऱ्या ३० सेकंदांवर जगायला लागतो आणि गाठीला असलेली सहा मिनिटं विसरून जातो.

आता मुद्द्याची गोष्ट. पटावर दोन तऱ्हेच्या चाली असतात. काही परत घेता येतात. नियमानं नाही, पण खेळात. हत्ती डी१ वर नेला, बरं वाटलं नाही, तर पुढे कधीतरी ई१ वर नेता येतो. एखादी चाल वाया जाते, बस. दुसऱ्या तऱ्हेच्या चाली कायमच्या. प्यादं मागे येत नाही. मारलेला मोहरा परत पटावर येत नाही. वजिरावजिरी झाली की झाली. कॅसलिंगही (राजा-हत्तीची जोडचाल) त्यातलंच. वेळ खर्च करायचा तो या दुसऱ्या चालींवर. तुमच्या डावात झालं नेमकं उलटं. हत्तीला १९ मिनिटं, आणि ज्या चालीनं डावाचा निकाल कायमचा ठरला त्या ५२व्या चालीशेजारी तुम्ही स्वतःच लिहिलंय, 'लगेच मारलं.'

ती ५२वी चाल जरा जवळून बघू. पट मांडून घ्या, डोक्यात करू नका. पांढरे: राजा एफ४, उंट डी३, प्यादी जी४ आणि एच४. काळे: राजा एफ६, प्यादी जी६ आणि एच५. त्यानं नुकतंच एच५ केलंय. खेळायची पाळी तुमची.

तुम्ही जी स्तंभातल्या प्याद्यानं एच५ मारलंत, त्यानं त्याच्या जी स्तंभातल्या प्याद्यानं उलट मारलं. आता तुमच्याकडे उंट आणि एकटं एच प्यादं. तुमचा उंट पांढऱ्या घरांवरून फिरतो आणि एच प्याद्याचं वजीर व्हायचं घर एच८ आहे काळं. काळा राजा जी७, एच८ असा कोपऱ्यात जाऊन बसला की त्याला तिथून हुसकवायला तुमचा उंट कामाचाच नाही, कारण तो त्या घराला कधी हातच लावू शकत नाही. एच५ वरचं प्यादं तुम्ही नंतर मारलंतही, पण पुढे एक तर स्टेलमेट (शह नसताना एकही चाल न उरणं, म्हणजे बरोबरी) नाहीतर नुसती ये-जा. एच किंवा ए प्यादं आणि चुकीच्या रंगाचा उंट, समोरचा राजा कोपऱ्यात, हे बरोबरीचं ठरलेलं चित्र आहे. त्याला ते माहीत होतं, म्हणून तर त्यानं एच५ केलं.

नुसतं थांबूनही चालणार नव्हतं. तुम्ही उंट हलवून वाट बघितली असती तर त्यानं एच प्याद्यानं जी४ मारलं असतं, तुम्ही राजानं ते परत घेतलं असतं आणि पुन्हा एकटं एच प्यादंच उरलं असतं. म्हणजे इथे चाल एकच: जी५ शह. प्यादं मारू नका, पुढे सरकवा. बघा काय होतं ते. जी५ च्या प्याद्याला एच४ चा आणि राजाचा आधार आहे, म्हणजे त्याला ते मारता येत नाही. त्याची दोन्ही प्यादी पांढऱ्या घरांवर कुलूपबंद झाली आणि पांढरी घरं ही तर तुमच्या उंटाची मिरासदारी. राजा ई६ किंवा ई७ वर गेला तर उंट तिथल्या तिथे जी६ मारतो. एफ७ वर गेला तर तुम्ही राजा ई५, तो जी७, तुम्ही ई६, आणि आता त्याला जी६ राखत चालायला एच७ एवढंच घर उरतं. मग तुम्ही राजा एफ६. त्याचा राजा जी८ ला जावो की एच८ ला, जी६ पडलं, मागोमाग एच५ पडलं, आणि तुमच्याकडे उंटासोबत दोन प्यादी उरली, त्यातलं एक जी स्तंभावरचं. जी प्यादं जी८ ला वजीर होतं आणि तिथला कोपऱ्याचा खेळ चालत नाही.

यात एक खड्डा आहे, तोही सांगून ठेवतो. राजा एच७ वर असताना एफ६ ऐवजी एफ७ वर गेलात तर त्याला एच८ ला जावं लागेल, आणि मग तुम्ही आनंदानं उंटानं जी६ मारलंत की स्टेलमेट. जी८ आणि जी७ तुमच्या राजानं अडवलेली, एच७ उंटानं, आणि एच५ चं प्यादं तुमच्याच एच४ नं रोखलेलं. त्याला चालच नाही. हे मी शिकवताना मुद्दाम मांडतो. चालीला ३४ सेकंद देणारा माणूस दहापैकी निम्म्या वेळा तरी एफ७ खेळतो, कारण राजा जितका पुढे तितका बरा असं वाटतं.

आणि मनाला फार लावून घेऊ नका. १९७१ साली व्हँकुव्हरला जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या उमेदवारांच्या सामन्यात फिशरसमोर सोव्हिएत ग्रँडमास्टर मार्क तैमानोव्ह बसला होता. दुसऱ्या डावात त्याला याच कोपऱ्याच्या आणि चुकीच्या उंटाच्या आधारानं बरोबरी होती. त्याची ती वाट चुकली आणि तो डाव हरला. पुढे सामनाच ०-६ नं गेला. तुमची चूक पांढऱ्यांची आणि त्याची काळ्यांची, एवढाच फरक.

तर मग ५२व्या चालीला ही गोष्ट सुचायला काय हवं होतं? हे चित्र माहीत असणं ही एक बाजू, आणि ती आता तुम्हाला माहीत झाली. पण खरं तर चित्र ठाऊक नसलं तरी एक साधा प्रश्न पुरला असता: मारामारी झाल्यावर पटावर काय उरतं? मोहरा जास्त असणाऱ्यानं मोहऱ्यांची अदलाबदल करावी, प्याद्यांची करू नये, हे आपण सगळे ऐकून असतो. त्यामागचं कारण मात्र फार कमी लोक डोक्यात ठेवतात. एकटा उंट किंवा एकटा घोडा राजासोबत मिळून मात देऊच शकत नाही. जिंकायला वजीर लागतो आणि वजीर प्याद्यातून येतो. त्यामुळे ज्याच्याकडे मोहरा कमी आहे तो सतत प्यादी मारून घ्यायला बघणार. तुमची स्कोअरशीट बघा, २५ ते ५२ मध्ये त्यानं चार वेळा प्याद्यांची मारामारी सुचवली आणि चारही वेळा तुम्ही मारलंत. त्याचा बेत त्याच्या चालींवरून स्पष्ट दिसत होता. तुम्ही वाचला नाहीत, कारण तुमच्या मते डाव जिंकून झाला होता.

याच ठिकाणी स्पर्शाचा नियम आठवा. तुम्ही लिहिलंय, 'मारतानाच काहीतरी खटकलं, पण हात लागला होता.' कशाला लागला होता? तुम्ही आपल्या जी४ च्या प्याद्याला आधी हात लावला असेल आणि समोरच्या प्याद्याला अजून लावला नसेल, तर जी५ ची वाट तेव्हाही मोकळी होती. नियम मोहरा बांधतो, घर नाही. चाल कुठे करायची ते मोहरा घरावर सोडेपर्यंत तुमच्या हातात असतं. पण तुम्ही आधी त्याचं एच५ चं प्यादं उचललं असेल, तर ते मारणं भाग होतं. दोन्हीला हात लागला तर आपल्या त्या मोहऱ्यानं तो मोहरा मारायचा. आणि मला खात्री आहे की तुम्ही आधी त्याचं प्यादं उचललंत, कारण ऑनलाइन खेळून आलेली बहुतेक मंडळी पटावर तेच करतात. सवय बदला. मारतानाही पहिला हात आपल्या मोहऱ्याला. एवढ्यानं कधीतरी अर्धा गुण वाचेल.

घड्याळाच्या रकान्याकडे परत येतो, कारण खरा उपाय तिथे आहे. मलाही हे कुणीतरी करायला लावलं होतं. क्लबमधले एक वयस्कर खेळाडू, स्वतः फार वर न गेलेले, पण पट वाचणारे. ते म्हणाले, पुढचे पाच डाव प्रत्येक चालीशेजारी उरलेली मिनिटं लिही, बाकी काही बदलू नकोस. मी लिहिली. पाचही कागद शेजारी शेजारी ठेवले तर प्रत्येक डावात ११ ते १५ या चालींत माझा निम्मा वेळ गेलेला. पट वेगळे, ओपनिंग वेगळ्या, पण खड्डा तोच. कारण शोधायला फार डोकं लागलं नाही: पाठ केलेलं बाराव्या चालीच्या आसपास संपायचं, आणि 'आता स्वतः खेळायचंय' या भीतीनं मी वीस वीस मिनिटं पटाकडे बघत बसायचो. तो विचार नव्हताच. तीच तीन चालींची साखळी पुन्हा पुन्हा मोजत होतो. तुमची १७वी चाल मला तसलीच वाटते. म्हणून म्हटलं, पाठ चाली कितव्या चालीला संपतात ते बघा.

वेळ लिहिणं नियमात बसतं. स्कोअरशीटवर चाली, घड्याळाचे आकडे, बरोबरीचे प्रस्ताव असं लिहायला परवानगी आहे. चाल खेळण्याआधी लिहून ठेवायला मात्र नाही. आमच्या वेळी उलट शिकवायचे: आधी चाल लिही, वर पेन आडवं ठेव, पुन्हा पटाकडे बघ, मग खेळ. युक्ती चांगली होती, पण आता नियमानं बंद आहे. बरोबरीचा दावा करताना तेवढी आधी लिहावी लागते. जुने लोक अजूनही सवयीनं लिहितात आणि पंचाचा इशारा खातात.

किती वेळ कुठे, याचं माझं गणित तुमच्या ६० अधिक ३० च्या खेळापुरतं सांगतो. १५व्या चालीला ४५ मिनिटं हातात असावीत, ३०व्या चालीला २० च्या आसपास, आणि त्यापुढे १० च्या खाली शक्यतो जाऊ नये. एका चालीला १० मिनिटांहून जास्त गेली की मी स्वतःला विचारतो, ही चाल परत घेता येण्यासारखी आहे का? असेल तर त्यातली जी बरी वाटते ती खेळून टाकतो. नसेल तर अजून पाच मिनिटं देतो आणि वाईट वाटून घेत नाही. अर्थात हे डावावर ठरतं. दोन्ही राजे उघडे पडलेत, एका चुकीत मात आहे अशा पटावर १७व्या चालीला १९ मिनिटं दिली तरी चूक नाही. आणि तुमचा क्लब पुढची स्पर्धा २५ मिनिटं अधिक १० सेकंदांची घेणार असेल तर हे आकडे विसरा. तो जलद खेळ. तिथे चाली लिहिण्याची सक्तीही नसते, आणि चुकांचं स्वरूपच वेगळं असतं.

आणखी एक सवय, जी मी माझ्याकडे शिकणाऱ्यांना अक्षरशः बळजबरीनं लावतो. समोरच्यानं मोहरा सोडला आणि तुम्ही तो घेतलात की तुमची पाळी नसताना खुर्चीवरून उठा. सभागृहाच्या टोकापर्यंत जाऊन या. परत आल्यावर आधी स्वतःच्या खुर्चीमागे उभं राहून पट बघा, जणू दुसऱ्या कुणाचा डाव बघायला आलायत. मोहरा मिळण्याआधी तुम्ही दुसराच डाव खेळत होतात. आता नवा सुरू झाला. या नव्या डावात कोणते मोहरे मारामारीत घालवायचे आणि कोणतं प्यादं काही झालं तरी सोडायचं नाही, एवढं ठरवूनच बसा. तुमच्या डावात ते जी स्तंभातलं प्यादं होतं.

आता तीनदा बरोबरी विचारण्याचं. प्रस्ताव द्यायची रीत अशी: आपली चाल पटावर करायची, बरोबरी विचारायची, मग घड्याळ दाबायचं. समोरच्याचं घड्याळ चालू असताना विचारलं तरी तो प्रस्ताव रद्दबातल होत नाही, तुम्ही स्वीकारलात तर बरोबरी होते. पण प्रतिस्पर्ध्याला त्रास देणं नियमानं मना आहे आणि वारंवार, अवाजवी प्रस्ताव हा त्रासच धरला जातो. पहिल्या वेळी सोडून द्या. दुसऱ्या वेळी घड्याळ थांबवा, पंचाला बोलवा, शांतपणे सांगा. पंचाला बोलवण्यासाठी घड्याळ थांबवायचा तुम्हाला हक्क आहे आणि त्यात भांडण काही नाही. मी पंच असताना लोक डाव संपल्यावर येऊन सांगायचे, तेव्हा माझ्या हातात काहीच उरलेलं नसायचं. प्रत्येक प्रस्ताव स्कोअरशीटवर बरोबरचं चिन्ह (=) काढून नोंदवा; पंचासमोर तोच पुरावा. आणि 'नाही' म्हणायला तोंड उघडावंच लागतं असं नाही, मोहऱ्याला चाल करायच्या इराद्यानं हात लावलात की प्रस्ताव नाकारलाच.

तसं बघता त्याच्या तीन प्रस्तावांत तुमच्यासाठी बातमी होती. मोहरा कमी असलेला माणूस तीनदा बरोबरी मागतो, म्हणजे त्याला ती अजून नक्की दिसलेली नाही. शेवटचा प्रस्ताव तुम्ही ४८व्या चालीशेजारी नोंदलाय. त्यानंतर तो गप्प झाला. का, ते आता तुम्हाला कळलं असेल.

पेअरिंगची, म्हणजे कोण कुणाशी खेळणार याची, तक्रार मात्र काढून टाका. जोड्या लावायची स्विस पद्धत १८९५ मध्ये झ्युरिकच्या एका स्पर्धेत पहिल्यांदा वापरली गेली, तेव्हापासून तिचं तत्त्व तेच आहे: सारखे गुण असलेले एकमेकांशी. दोन गुणवाल्यांचा गट मानांकनानुसार लावतात, मधून दोन भाग करतात, वरच्या भागातला पहिला खालच्या भागातल्या पहिल्याशी खेळतो. रंगांचा समतोल आणि आधी खेळलेली जोडी टाळणं यासाठी थोडी सरकवासरकव होते. तुम्ही खालच्या भागात होतात, म्हणून वरचा आला. यात कुणाचा हात नाही. दोनशेच्या फरकाला एलोच्या (मानांकन मोजायच्या पद्धतीच्या) गणितानं तुमच्याकडून सरासरी पाव गुणाची अपेक्षा असते, साधारण ०.२४. तुम्ही अर्धा मिळवलात. त्या डावानं तुमचं मानांकन वाढलंय.

राहिली पाचवी फेरी. तुम्ही लिहिलंय, की मधल्या अर्ध्या तासात बाहेर जाऊन फोनवर इंजिनला (चाली सुचवणाऱ्या प्रोग्रॅमला) ५२वी चाल दाखवली, त्यानं जी५ सांगितलं आणि डोकंच फिरलं. मला त्या १९ चाली बघायचीही गरज नाही. दोन फेऱ्यांच्या मध्ये इंजिन उघडायचं नाही, हा माझा स्वतःपुरता नियम आहे आणि तो मी महागात शिकलो. एकदा तीन चालींत मात होती ते मला फेऱ्यांच्या मधल्या वेळात कळलं. पुढच्या डावात मी प्रत्येक चालीत मात शोधत बसलो, जिथे ती नव्हती, आणि एक हत्ती देऊन बसलो. इंजिन दुसऱ्या दिवशीही तेच सांगतं. तेवढ्या वेळात चाला, खिडकीबाहेर बघा, कुणाशी बुद्धिबळ सोडून काहीही बोला. डाव कुणाशी आणि कोणत्या रंगानं, एवढं पाहून बसा. स्कोअरशीट मात्र घडी घालून खिशात ठेवा, घरी जाऊन लागणार आहे.

ती ५२व्या चालीची स्थिती ओळखीच्या कुणासोबत घड्याळ लावून खेळा, प्रत्येकी पाच मिनिटं. आधी तुम्ही पांढरे घ्या, मग रंग बदलून काळे. काळे घेतल्यावर समोरच्याला एच५ मारायचा मोह कसा होतो तेही बघा. आणि पुढच्या स्पर्धेचे पाचही कागद, प्रत्येक चालीशेजारी मिनिटं लिहून, पाठवा. मी सगळ्यात आधी १३ ते २० या चालींशेजारचे आकडे बघणार आहे.